न भरणारी जखम

(सहकारी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



त्वचेचा कर्करोग म्हटले की आपल्याला वाटते, हा गोऱ्या लोकांचा आजार. त्यात तथ्य आहे. आपल्या कातडीतला रंग उन्हापासून आपले बरेच रक्षण करतो. त्यामुळे इतर कर्करोगांच्या मानाने हा आपल्याकडे कमी आढळतो. पण जेव्हा होतो, तेव्हा पुष्कळदा भाजल्याच्या जुन्या वणावर, वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेत किंवा तळपायावर होतो.

भाजण्याचा आणि कर्करोगाचा हा संबंध आपल्या देशात एका मिशनरी डॉक्टरांनी लिहून ठेवला. डॉ. विल्यम एल्मस्ली यांनी १८६५ मध्ये श्रीनगरला दवाखाना सुरू केला. काश्मीरमध्ये थंडीत लोक कांगडी, म्हणजे वेताने विणलेले निखाऱ्यांचे मडके, अंगरख्याच्या आत पोटाशी धरतात. पोटाला आणि मांड्यांना वर्षानुवर्षे चटके बसतात आणि कर्करोगही त्याच जागी होतो, हे एल्मस्लींनी १८६६ मध्ये मांडले. त्यांच्याजवळ आजच्यासारखी यंत्रे नव्हती. त्यांनी रुग्णाचे अंग नीट पाहिले आणि तो कसा राहतो हे विचारले.

आपल्या पाड्यांवर कांगडी नाही, पण चूल आहे, शेकोटी आहे, रॉकेलची चिमणी आहे. मूल भाजते. जखम कशीबशी भरते, वण ताठ राहतो, काम करताना पुन्हा पुन्हा फाटतो. अशा वणात वीस-तीस वर्षांनीही कर्करोग होऊ शकतो. कुष्ठरोग बरा झालेल्या, पण पाय बधिर राहिलेल्या माणसाच्या तळपायाच्या जुन्या जखमेतही तो होतो. सगळ्याच जखमांचे असे होत नाही, थोड्यांचेच होते. पण दुखत नाही म्हणून माणूस ती फडक्याखाली झाकून ठेवतो आणि वेळ जातो.

म्हणून पाड्यावर गेल्यावर पुढील गोष्टी पाहा. महिनाभरात न भरलेली जखम. जुन्या वणात नव्याने पडलेले क्षत. वर आलेली, कडक झालेली कड. सहज रक्त येणे, दुर्गंधी, फुलकोबीसारखी वाढ. तळपायावर किंवा नखाखाली वाढत जाणारा काळा डाग. यांपैकी काही दिसले तर नुसती मलमपट्टी करत राहू नका, डॉक्टरांकडे न्या.

डॉक्टर जखमेच्या कडेचा लहानसा तुकडा काढून तपासतात. याला बायॉप्सी म्हणतात. "तुकडा काढला की रोग पसरतो," असे लोक सांगतात. ते खरे नाही. तपासणी टाळल्याने मात्र रोगाला पसरायला वेळ मिळतो.

लवकर सापडला तर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने काम होते. रोगाचा भाग सभोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसह काढतात आणि लागल्यास दुसरीकडची कातडी तिथे लावतात. उशीर झाला, तर पाय कापावा लागू शकतो किंवा रोग जांघेतल्या गाठींपर्यंत जातो.

पसरलेल्या रोगावरही आता नवी औषधे आहेत. शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींना लागलेला ब्रेक ती सोडवतात. या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांना नव्वदीत त्वचेच्या कर्करोगाचा मेलॅनोमा हा प्रकार झाला. तो यकृतात व मेंदूत पोहोचला होता. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि असे एक औषध यांनंतर, डिसेंबर २०१५ मध्ये त्यांनी आपल्या मंडळीतल्या संडे स्कूलच्या वर्गात सांगितले की तपासणीत कर्करोग दिसत नाही. पुढे ते शंभर वर्षांचे झाले. मात्र ही औषधे फार महाग आहेत आणि प्रत्येकाला लागू पडत नाहीत. आपल्या पाड्यांसाठी लवकर पाहणे हाच आज सर्वांत मोठा उपचार आहे.

त्याहून आधी येतो प्रतिबंध. भाजल्यावर राख, माती, टूथपेस्ट काही लावू नका. वीस मिनिटे साधे वाहते पाणी ओता. मोठे भाजले असेल तर दवाखाना गाठा. वेळेवर कातडी लावली तर जखम वर्षानुवर्षे चिघळत नाही. बधिर पायांना एमसीआर चप्पल हवी आणि रोज रात्री तळपाय पाहण्याची सवय हवी. जन्मतः कातडीत रंगच नसलेल्या मुलांना पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी आणि सावली हवी.

मान्यताप्राप्त रुग्णालयात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगावर उपचार होऊ शकतात. पण योजनेच्या कार्डाने सगळे भागत नाही. शहरात जायचे तर सोबत माणूस लागतो, त्याची मजुरी बुडते, घरी शेळ्या पाहायला कोणी नसते. बायॉप्सीचा अहवाल घ्यायला दुसरी खेप पडते आणि पुष्कळजण त्या खेपेलाच गळतात.

चांगल्या शोमरोन्याने जखमा बांधल्या आणि तो तिथेच थांबला नाही. त्याने त्या माणसाला उतारशाळेत नेले, खर्च दिला आणि परत येण्याचे वचन दिले. मलमपट्टी आपले कार्यकर्ते करतातच. पुढची वाट तुमच्या मदतीवाचून होत नाही. आपल्या मंडळीने वर्षभरात एका रुग्णाच्या दोन खेपांचा आणि सोबत्याच्या मजुरीचा भार उचलावा, एवढीच माझी विनंती आहे.