धवनांच्या दोन अटी
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



३० डिसेंबर १९७१ रोजी कोवळमला विक्रम साराभाई अचानक गेले. वय अवघे ५२. देशाच्या अवकाश कार्यक्रमाला दिशा देणारा माणूसच गेला. आता त्यांच्या जागी कोण? इंदिरा गांधींनी सतीश धवन यांना विचारले. ते तेव्हा अमेरिकेत, कॅलटेकमध्ये होते. धवनांनी दोन अटी घातल्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालकपद मी सोडणार नाही, आणि अवकाश कार्यक्रमाचे मुख्यालय बंगळुरूलाच हवे. दोन्ही मान्य झाल्या. ते येईपर्यंत एम. जी. के. मेनन यांनी काम सांभाळले. सप्टेंबर १९७२ मध्ये धवन रुजू झाले.

योग्य माणसासाठी सरकार नऊ महिने थांबले, याचे मला फार मोल वाटते. आणि तो माणूस कोण होता? वायुगतिकीचा प्राध्यापक. उपग्रह प्रक्षेपक बांधण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता. पण संस्था कशी चालवायची आणि माणूस कसा पारखायचा, हे ते जाणत होते. थुंब्याच्या अवकाश केंद्रावर त्यांनी ब्रह्मप्रकाश यांना आणले, तेही अणुऊर्जेतले धातुशास्त्रज्ञ. त्यांच्यानंतर १९७९ मध्ये ते केंद्र आपल्या वसंतराव गोवारीकरांकडे आले.

त्याच वर्षी, १० ऑगस्टला, एसएलव्ही-३ हे प्रक्षेपक यान बंगालच्या उपसागरात कोसळले. पत्रकारांसमोर स्वतः धवन गेले. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला, तेव्हा त्यांनी प्रकल्पप्रमुख अब्दुल कलामांना पुढे केले. ही आठवण कलाम पुढे अनेकदा सांगत. आपण ती मनाच्या मोठेपणाची गोष्ट म्हणून ऐकतो. मोठेपण होतेच; पण अपयशाच्या वेळी धवन जवळपास सात वर्षे त्या पदावर होते आणि पुढेही राहणार होते. अपयश अंगावर घेऊन ते निस्तरायला त्यांच्या हाती वेळ होता.

आता इस्रोच्या अध्यक्षांच्या कारकिर्दींचा हिशेब पाहा. धवन १२ वर्षे, यू. आर. राव १०, कस्तुरीरंगन ९. नंतर माधवन नायर ६, राधाकृष्णन ५, किरण कुमार ३, सिवन ४, सोमनाथ ३. ही सारी माणसे कर्तबगार, याबद्दल शंका नाही. पण अवकाश मोहीम आखल्यापासून उडेपर्यंत कैक वर्षे जातात. एकाने सुरू केलेल्या कामाचा जाब दुसऱ्याला द्यावा लागतो. यशाचे श्रेय वाटून घेता येते. चुकलेल्या निर्णयामागची कारणे मात्र तो घेणाऱ्यालाच नीट ठाऊक असतात.

शिवाय इस्रोचा अध्यक्ष हाच अवकाश विभागाचा सचिव आणि अवकाश आयोगाचाही अध्यक्ष. तीन कामे, आणि हाती तीन वर्षे! म्हणून नेमणूक करणाऱ्या मंत्रिमंडळ समितीकडे माझे आग्रहाचे मागणे आहे: अध्यक्षाला किमान सहा वर्षे द्या, निवृत्तीचे वय त्याच्या आड आणू नका. आणि संस्थेबाहेरचा माणूस अधिक लायक असेल, तर १९७२ सारखी त्याची वाट पाहा, त्याच्या अटीही ऐकून घ्या.