आधी नवऱ्याचं बीपी बघा!

मैत्रिणींनो, छत्रपती संभाजीनगरच्या वस्त्यांत मी बीपी मोजायला बसते, तेव्हा बायका आधी नवऱ्याला पुढे करतात. “मला कुठं काय होतंय?” मूत्रपिंडाचा आजार सुरुवातीला दुखत नाहीच. आपण घाबरतो डायलिसिसला. पण या टप्प्यावर डायलिसिसपर्यंत पोचण्यापेक्षा हृदयविकाराने जाण्याचा धोकाच जास्त असतो. लघवीतून प्रथिन जाऊ लागलं, म्हणजे रक्तवाहिन्याही बिघडत असतात. गरोदरपणात जिचं बीपी वाढलं होतं, तिने तर लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन घाटीत जाऊन तपासून घ्यावंच. (किडनी द्यायची वेळ आली की मात्र बाईच पुढे!) बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून सोडू नका, कंबरदुखीची रोज खाऊ नका. मशीन आणलंय. कोण बसतंय आधी?