संगणक उघडताच संकेतस्थळे



अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोल्याच्या डोंगरी भागात दोनशिक्षकी शाळा आहेत. तेथे यूडायस प्लस, सरल, दीक्षा ही संकेतस्थळे एकेक करून उघडण्यात गेलेला वेळ मुलांच्याच पाठातून वजा होतो. हे काम संगणकावर सोपविता येते. युक्ती नवी नव्हे. १९८० च्या दशकातील डॉसमध्येही आज्ञांची अशी फाइल चालत असे.

विंडोज संगणकावर नोटपॅड उघडावे. प्रत्येक ओळीत रोमन लिपीत ‘स्टार्ट’ हा शब्द व मोकळी जागा सोडून संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता लिहावा. पत्त्यात ‘&’ हे चिन्ह असल्यास तो दुहेरी अवतरणात घालून त्याआधी अवतरणाची एक रिकामी जोडी द्यावी; एरवी संगणक पत्त्यालाच खिडकीचे नाव समजतो. जतन करताना ‘ऑल फाइल्स’ हा प्रकार निवडून नावाअखेर ‘.बॅट’ लावावे. पुष्कळांचे येथेच चुकते व फाइल साधा मजकूरच राहते. मग विंडोजची कळ व ‘आर’ एकत्र दाबून ‘शेल:स्टार्टअप’ असे टंकित करावे. उघडणाऱ्या फोल्डरात ती फाइल ठेवावी.

इंटरनेट उशिरा जोडले जात असेल तेथे आरंभी ‘टाइमआउट ३०’ ही ओळ घालावी. संगणक ३० सेकंद थांबेल. परवलीचा शब्द मात्र या फाइलीत कदापि लिहू नये. शाळेचा संगणक मुलेही हाताळतात.