शिष्यवृत्ती आणि प्रवासभाडे

(विद्यार्थी-कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वऱ्हाडचा कापूस परदेशी जाऊ लागला त्याला दीडशे वर्षे होऊन गेली. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. १८७० मध्ये कापसाच्या बाजारपेठेसाठी खामगावला फाटा काढण्यात आला. अमरावती-अकोल्याच्या बाजारांतल्या गाठी मुंबईमार्गे लँकेशायरच्या गिरण्यांकडे निघाल्या. त्या गाठींसाठी साम्राज्याने रूळ टाकले, पूल बांधले, गोद्या उभारल्या. परंतु ज्या कुणब्याने तो कापूस पिकवला आणि ज्या मजूर स्त्रीने तो वेचला, त्यांच्या मुलांना जिल्ह्याच्या गावचे कॉलेज दिसायला पुढे कित्येक दशके जावी लागली. मालाला प्रवास आणि माणसाला मुक्काम, अशी ती वाटणी होती. शिष्यवृत्तीचा विचार या वाटणीपासून सुरू केला, तरच शिष्यवृत्तीत प्रवासखर्चाची तरतूद का हवी, हा प्रश्न चैनीचा न राहता न्यायाचा ठरतो.

शिष्यवृत्ती म्हणजे फीमाफी, असा एक समज आपल्याकडे रूढ झाला आहे. फी भरली गेली, वसतिगृहात खाट मिळाली, पुस्तकांचे चार पैसे हाती आले, की समाजाचे कर्तव्य संपले असे मानले जाते. फीने वर्गाचे दार उघडते, हे खरे. पण आपल्या गावाची रीत ही जगाची रीत नव्हे, हे ज्ञान वर्गात बसून क्वचितच होते. त्यासाठी गाव सोडून दुसरीकडे राहावे लागते, परक्या माणसाच्या पंक्तीला बसावे लागते आणि परत येऊन जुन्याच रस्त्याकडे नव्या नजरेने पाहावे लागते. श्रीमंताच्या मुलाला हे शिक्षण त्याचे घर देते. गरिबाच्या मुलाला ते समाजाने दिले नाही, तर कोणीच देत नाही.

याचा सर्वांत मोठा दाखला सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातील हिशेबाची बाजू फारशी सांगितली जात नाही. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता मंजूर केली. अट अशी की परतल्यावर बडोदे संस्थानची दहा वर्षे चाकरी करावी. त्या पैशात न्यूयॉर्कचे भाडे भागवायचे, जेवायचे आणि घरीही काही पाठवायचे, अशी ओढाताण होती. तरीही त्या साडेअकरा पौंडांनी पदवीपेक्षा मोठी एक गोष्ट दिली. ज्या समाजात बरोबरीने बसता-उठता येते आणि ज्ञान हीच ओळख ठरते, असे जग अस्तित्वात आहे, याचा प्रत्यय त्यांना तेथे आला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून ते परतले. त्यांचे ग्रंथ ज्या जहाजात होते ते बुडवले गेले. आणि बडोद्यात अधिकाराची जागा मिळालेल्या या विद्वानाला राहायला घर मिळेना. ज्याने कोलंबिया पाहिले नव्हते, त्याने कदाचित हा अपमान नशीब म्हणून गिळला असता. ज्याने पाहिले होते, त्याला तो गिळणे अशक्य झाले. १९२० मध्ये शाहू महाराजांच्या साहाय्याने, काही साठवलेल्या व काही उसन्या पैशांवर ते पुन्हा लंडनला गेले आणि अभ्यास पुरा करूनच परतले.

दुसरा दाखला वऱ्हाडच्या मातीतला आहे. अमरावती जिल्ह्यातील पापळ गावच्या शेतकरी घराण्यातील पंजाबराव देशमुख पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज सोडून १९२० मध्ये इंग्लंडला निघाले, तेव्हा पाठीशी सरकारी शिष्यवृत्ती नव्हती. वडिलांनी शेतीच्या आधारावर कर्ज उभे केले, असे सांगतात. पुढे एडिंबरो विद्यापीठात संस्कृतच्या संशोधनासाठी व्हान्स डनलॉप शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. त्यांनी ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवली आणि बॅरिस्टरीही पुरी केली. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आणि तो ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या विद्येचे दार इथल्या परंपरेने शेतकऱ्याच्या पोराला बंद ठेवले होते, ती विद्या त्याला सातासमुद्रापलीकडे खुली सापडली. या विसंगतीचा अर्थ त्यांनी पुरता ओळखला होता, हे त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसते.

हे दोन प्रवास अमरावतीत एकत्र आले. १९२७ मध्ये अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले करावे, या मागणीसाठी चळवळ उभी राहिली. नोव्हेंबरमध्ये अमरावतीला भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते आणि स्थानिक बाजूने या प्रश्नात पंजाबराव उभे होते. परदेशी शिकून आलेल्या या दोघांना वकिली करून सुखाने राहता आले असते. त्यांनी शिक्षण आपल्यापुरते ठेवले नाही. पंजाबरावांनी अमरावतीत वसतिगृह उभारले, श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. पुढे केंद्रीय कृषिमंत्री असताना, लाखो शेतकरी काही विलायतेला जाऊ शकत नाहीत हे ध्यानात घेऊन, १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीला सुरू झालेल्या जागतिक कृषी प्रदर्शनासाठी त्यांनी पुढाकार घेतला. शेतकऱ्याला जगापर्यंत नेता येत नसेल, तर जग शेतकऱ्यापर्यंत आणावे, हा त्यामागचा विचार होता. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून त्यांच्या नावाने उभे आहे.

आता आजच्या नियमांकडे वळू. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असलेल्या डॉ. आंबेडकरांनी आग्रह धरल्यामुळे तिच्यासाठी वर्षाला ३ लाख रुपयांची तरतूद झाली. या योजनेत पुढे अभ्यासदौऱ्याच्या खर्चाचे एक कलम होते. २०१० च्या नियमांप्रमाणे ही रक्कम वर्षाला जास्तीत जास्त १,६०० रुपये होती. तीही प्रत्यक्ष झालेल्या वाहतूकखर्चापुरती, फक्त व्यावसायिक व तांत्रिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना, आणि दौरा अभ्यासक्रमासाठी अत्यावश्यक आहे असा संस्थाप्रमुखाचा दाखला असेल तरच. २०२१ मध्ये नियम नव्याने आखले गेले, तेव्हा वर्षाचा एकरकमी शैक्षणिक भत्ता आला. गरजू विद्यार्थ्याच्या हाती आलेल्या एकरकमी भत्त्यातून आधी मेसचे बिल जाते, मग पुस्तके येतात. दौऱ्यापर्यंत पैसा पोचतच नाही.

त्या जुन्या कलमाची शब्दयोजना नीट वाचली पाहिजे, कारण आपल्या शिक्षणव्यवस्थेचे मन तीत उघडे पडते. अभियांत्रिकीच्या मुलाने धरण पाहणे आवश्यक, पण दर्यापूरच्या कला महाविद्यालयात इतिहास शिकणाऱ्या मुलीने महाडचे चवदार तळे पाहणे अनावश्यक, असा तिचा अर्थ होतो. आणि ‘प्रत्यक्ष झालेला खर्च’ याचा अर्थ आधी खिशातून भरा, मग पावत्या जोडा, मग वाट पाहा. ज्याच्या खिशात भरायलाच काही नाही, त्याच्यासाठी ही सवलत कागदावरच राहते. म्हणून सहलीची नोटीस फलकावर लागते तेव्हा गरीब विद्यार्थी घरी काम असल्याचे सांगतो, मुलगी वडील पाठवणार नाहीत असे सांगते, आणि शिक्षकही फार खोलात शिरत नाहीत.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो आपल्याच कार्यकर्त्यांकडून घेतला जाईल. ज्या प्रांतात कर्जबाजारी शेतकरी आत्महत्या करतो, जेथे शिष्यवृत्तीची मंजूर रक्कमही वेळेवर हाती पडत नाही, तेथे प्रवासाची मागणी शोभते काय? आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्यातील क्रम बरोबर आहे. थकलेली रक्कम आधी मिळालीच पाहिजे. पण गरिबाला फक्त पोटापुरते द्यावे आणि दृष्टी श्रीमंतांकडे ठेवावी, ही वाटणी समाजवाद्यांनी मान्य करता कामा नये. ज्याने दुसऱ्या रीतीची शेती, दुसऱ्या रीतीची सहकारी संस्था पाहिलीच नाही, त्याला आपली दुरवस्था हीच निसर्गाची व्यवस्था वाटू लागते. दुष्काळी हिवरे बाजारने पाण्याचा हिशेब कसा बसवला, रयत शिक्षण संस्थेच्या मुलांनी कमवत कसे शिकले, हे डोळ्यांनी पाहून आलेला मुलगा ग्रामसभेत दोन प्रश्न अधिक विचारतो.

शिवाय प्रवास म्हणजे परदेश असेच नाही. अमरावतीच्या कॉलेजांची सहल चिखलदऱ्याला जाते, पॉइंट पाहते, कॉफी पिते आणि संध्याकाळी उतरते. त्याच मेळघाटात १९९३ मध्ये कुपोषणाने बालके दगावल्याच्या बातम्यांनी देश हादरला होता. एकाही कोरकू घराचा उंबरठा न ओलांडता जी सहल परतते, तिने चार घाटवळणांखेरीज काय पाहिले? उलट धारणीकडचा कोरकू विद्यार्थी अमरावतीला येतो, तेव्हा तो लंडनला जाणाऱ्याइतकाच लांबचा प्रवास करीत असतो. भाषा परकी, जेवण परके, वर्गातील हसणेही परके. त्याच्या प्रवासाला सोबत लागते. तिची तरतूद कोणत्याही शिष्यवृत्तीत नाही.

परदेशाची दारे आज पूर्वीपेक्षा अधिक उघडी आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्य शासनाची परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे आणि तिच्या वर्षाला ७५ जागा आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातून आलेले राजू केंद्रे २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारची चीवनिंग शिष्यवृत्ती मिळवून लंडनला गेले. त्यांनी उभारलेली ‘एकलव्य’ ही संस्था पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाची वाट दाखवते. जो पुढे गेला त्याने मागच्याला अर्ज कसा लिहायचा ते सांगावे, ही पंजाबरावांच्या वसतिगृहाचीच रीत आहे. परंतु ७५ जागांनी वऱ्हाडचा प्रश्न सुटत नाही. वऱ्हाडातील बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी बडनेरा स्टेशनावरून सुटणारी गाडी हेच परदेशाचे जहाज आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या हाती घ्याव्यात. पहिली, पदवीच्या काळात एकदा तरी प्रत्येक शिष्यवृत्तीधारकाला, कला शाखेसह, अभ्यासदौऱ्याचा खर्च स्वतंत्र कलमाखाली आणि आगाऊ मिळावा. दुसरी, दौऱ्याचे ठिकाण ठरवताना विद्यार्थ्यांचे मत घेतले जावे आणि परतल्यावर त्यांनी आपल्या गावात अहवाल वाचावा. तिसरी, मुलींना वेगळे ठेवणारा दौरा कॉलेजांनी काढू नये. त्यांच्या पालकांना समजावण्याचे काम संघटनेच्या भगिनींनी अंगावर घ्यावे.

शासन ऐकेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. २०२० मध्ये रेल्वेने बहुतेक सवलती बंद केल्या, तरी विद्यार्थ्यांची सवलत ठेवली. शैक्षणिक सहलीसाठी साध्या व शयनयान वर्गाच्या भाड्यात सर्वसाधारण विद्यार्थ्यांना निम्मी आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना पाऊण सूट आहे. प्राचार्यांचा दाखला लागतो, आणि तो मागायला कोणी जात नाही. भाडे असे उतरले, की उरतो मुक्कामाचा प्रश्न. अमरावतीचे विद्यापीठ ज्या गाडगेबाबांचे नाव धारण करते, त्यांनी हा प्रश्न पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधून सोडवला होता. स्वतः झाडाखाली निजणाऱ्या त्या माणसाने वाटसरूच्या डोक्यावर छप्पर घातले. आपल्याकडे धर्मशाळा बांधण्याइतके धन नसेल, पण घरे आहेत. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील प्रत्येक तालुक्यात दहा कार्यकर्त्यांनी परगावच्या दोन विद्यार्थ्यांना दोन रात्री मुक्काम आणि भाजी-भाकरी देण्याचे कबूल केले, आणि बदल्यात इतर जिल्ह्यांतील साथींकडून तेवढेच मागितले, तर येत्या दिवाळीच्या सुटीत पहिली तुकडी निघू शकते. त्या दहा घरांची यादी करण्याचे काम आज येथून उठण्यापूर्वी सुरू व्हावे.