उद्याचे उत्खनक आणि आपली भांडीकुंडी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव म्हटला की मागे वळून पाहण्याची रीत आहे. ते काम या व्यासपीठावरून अधिकारी व्यक्तींनी केलेच आहे. आम्ही आपणांस थोडे उलट्या दिशेने नेणार आहोत. आणखी दोन-तीन हजार वर्षांनी कोणी पुराणवस्तुसंशोधक भिलाईच्या या भूमीत कुदळ घालील, तेव्हा आपल्या घरांतील कोणत्या वस्तू त्याच्या हाती लागतील आणि त्यांवरून तो आपल्याविषयी काय अनुमान करील, हा आजचा विषय आहे. आम्ही या शास्त्राचे पंडित नव्हे, केवळ हौशी वाचक आहोत. तेव्हा पांडित्याची अपेक्षा कृपया ठेवू नये.

पुरातत्त्व म्हणजे राजांचे मुकुट आणि पुरलेली धने असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः या शास्त्राचा खरा आधार म्हणजे खापरे, चूल, पाटा-वरवंटा आणि उकिरडा. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे १९६८ पासून पुढे सुमारे पंधरा वर्षे डेक्कन कॉलेजच्या वतीने उत्खनन चालले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झै. दा. अन्सारी यांच्या परिश्रमाने तेथे शंभराहून अधिक घरांची जोती उजेडात आली. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रातील शेतकरी काय पिकवीत, काय खात, धान्य कोठे साठवीत, हे सारे आपणांस कळले ते कोणत्याही पोथीतून नव्हे, तर त्यांच्या भुईतून.

परंतु वस्तू सापडणे वेगळे आणि ती समजणे वेगळे. इनामगावी मेलेले मूल दोन मडक्यांची तोंडे एकमेकांस लावून त्यांत ठेवीत आणि घराच्या भुईतच पुरीत. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालची पावले तोडलेली आढळली. असे का? मृताने उठून भटकू नये म्हणून, असा तर्क विद्वानांनी केला. तो पटण्यासारखा आहे. पण तर्क तो तर्कच, कारण ज्यांनी हे केले त्यांचा एकही शब्द आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. त्याच गावी एका घराच्या भुईखाली मातीची एक झाकणाची डबी निघाली. तिच्या आत कच्च्या मातीची, मस्तक नसलेली एक स्त्रीमूर्ती होती. ती देवी असावी, असे अभ्यासकांनी मानले. तिचे नाव काय होते, तिच्यापुढे कोणते गाणे म्हणत, नैवेद्य कशाचा दाखवीत, हे सांगण्यास कोणी उरले नाही. मूर्ती टिकली आणि तिचे नाव गेले. हे वाक्य आपण ध्यानात ठेवावे. पुढे आम्हांला त्याच्याकडे यावयाचे आहे.

आपल्या छत्तीसगडाच्या भूमीलाही ही विद्या नवीन नाही. रायपूरच्या पुढे महानदीकाठी सिरपूर आहे. तेथील बौद्ध विहारांचे उत्खनन १९५३ ते १९५६ या काळात करणारे डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित हे मराठी गृहस्थच होते. ज्यांच्याकडे सामान्य प्रेक्षक ढुंकूनही पाहत नाही अशा मण्यांचा आणि काचेच्या तुकड्यांचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला आणि भारतीय काचेच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. आपल्या भगिनींच्या हातातील फुटलेली बांगडी ज्या केरात जाते, तोच केर अशा पंडिताच्या दृष्टीने ग्रंथालय असतो. आपल्या दुर्ग जिल्ह्यातच खारून नदीच्या काठी तरीघाट येथे या शतकात उत्खनन होऊन प्राचीन वस्तीचे अवशेष मिळाले. म्हणजे ज्या भूमीवर आपण उभे आहोत, तिला माणसांच्या वस्तू पोटात घालण्याची जुनी सवय आहे.

आता भिलाईकडे येऊ. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून या गावाने देशाला रूळ दिले. कोणासही वाटेल की, पोलादाच्या गावाची आठवण पोलादच ठेवील. पण लोखंडाचा स्वभाव निराळा आहे. ते गंजते, आणि गंज म्हणजे लोहाचे ऑक्साइडच. दल्ली-राजहराच्या डोंगरांतून जी तांबडी दगडमाती आपण आणली, तिच्याच जातीची माती होऊन ते पुन्हा भुईला मिळते. आपल्या कारखान्याचे कर्तृत्व अशा रीतीने मातीमोल झाले, तरी आपल्या स्वयंपाकघरातील कपबशीची खापरी, बांगडीचा तुकडा, न्हाणीघरातील चिनीमातीचे भांडे आणि देव्हाऱ्यातील पितळी घंटा मात्र बहुधा जागच्या जागी सापडेल. थोरांचे जाते आणि किरकोळ ते राहते, असा या शास्त्रातील न्याय दिसतो!

तो संशोधक एखाद्या सेक्टरातील एक क्वार्टर खणील, असे समजा. तळाच्या थरात त्याला पुरणयंत्र मिळेल. त्यावरच्या थरात इडलीपात्र मिळेल. त्याच्याही वर एखादा पितळी शंख, आणि सर्वांत वर तंदूरची सळई. एके काळी विद्वानांची अशी रीत होती की, भांड्यांची घडण बदलली म्हणजे नवे लोक चाल करून आले असे समजावयाचे. त्या रीतीने तो लिहील की, येथे प्रथम पुरण वाटणारी जमात राहत होती. दक्षिणेकडून आलेल्या आक्रमकांनी तिचा उच्छेद केला. त्यांना पूर्वेकडील शंखपूजकांनी हाकलले. आणि अखेर वायव्येकडील टोळ्यांनी सर्वांचा निकाल लावला. त्या बिचाऱ्याला कोण सांगणार की, येथे युद्ध झालेच नाही. पहिले साहेब निवृत्त झाले आणि क्वार्टर दुसऱ्यांस मिळाले! आणि ज्याला तो आक्रमक म्हणतो, त्याच्याच घरून आपल्या मुलांना इडल्या येत आणि आपल्या घरून त्याला होळीची पुरणपोळी जाई.

ही केवळ थट्टा नव्हे. अमेरिकेतील डेव्हिड मॅकॉले या लेखकाने १९७९ साली याच कल्पनेवर एक सचित्र पुस्तक लिहिले. त्यात इ. स. ४०२२ मधील एक उत्खनक प्रवाशांच्या साध्या उतारशाळेला राजसमाधी समजतो, आणि शौचकूपाच्या बैठकीला धर्मविधीच्या वेळी गळ्यात घालावयाचा पवित्र अलंकार ठरवितो. उलटपक्षी वस्तू कधी कधी माणसांपेक्षा खरेही बोलतात. त्याच देशात ॲरिझोना विद्यापीठाच्या विल्यम रॅथ्जे यांनी १९७३ पासून लोकांच्या घरचा कचरा शास्त्रशुद्ध रीतीने तपासला. लोक आपण किती बिअर पितो म्हणून सांगत, त्याहून कचऱ्यातील डब्यांची संख्या अधिक भरे. आपल्याकडेही त्याच वर्षी १५ ऑगस्टला दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या परिसरात स्वतंत्र भारताचा इतिहास लिहून 'कालपात्र' पुरण्यात आले. त्यातील मजकुरावरून वाद माजला, आणि १९७७ साली सत्तांतर झाल्यावर ते उकरूनही काढण्यात आले. हजारो वर्षांसाठी पुरलेला इतिहास चार-साडेचार वर्षेच भुईत राहिला. आपल्या घरच्या उकिरड्याला असा धोका नाही, कारण त्यात काय लिहिले आहे याचा वाद कोणी घालीत नाही.

आता आपल्या घरांतील दोन वस्तूंकडे वळू. पहिली म्हणजे भाद्रपदातले मुखवटे. आपल्यापैकी कोणी त्यांना गौरी म्हणतात. विदर्भातून आलेली मंडळी महालक्ष्म्या म्हणतात. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठेवर जेवतात आणि मूळावर निघतात. त्यांना अंग असते ते पत्र्याच्या कोठीचे किंवा तिवईचे, आणि शोभा असते ती साडीची. कोठी गंजेल, साडी कुजेल, पुरणपोळी तर त्याच दिवशी संपलेली असेल. उरतील ती दोन पितळी मस्तके. इनामगावी मस्तक नसलेली देवी निघाली, भिलाईत देह नसलेल्या देवी निघतील. आणि शीर कापून पूजिण्याचा येथे काही भयंकर संप्रदाय असावा, असे अनुमान काढल्यास त्या संशोधकाला आम्ही दोष देणार नाही. ही माहेरवाशीण आहे, तिला खेळवावयाचे असते, ती निघताना घरातल्या बायकांचे डोळे ओले होतात, हे त्या पितळावर कोठे लिहिले आहे?

दुसरी वस्तू मात्र थोडेबहुत बोलेल. भांड्यांवर नाव घालण्याची आपली प्रथा तिच्या उपयोगी पडेल. एखाद्या स्टीलच्या डब्यावर 'चि. सौ. कां. अमुक हिच्या विवाहाप्रीत्यर्थ मामांकडून सप्रेम भेट' अशी टिंबाटिंबांची अक्षरे आणि खाली दिनांक आढळेल. कार्ल्याच्या लेण्यात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, धेनुकाकटाच्या यवनांनी स्तंभ दिल्याची नोंद आहे. त्यांवरून केवढा इतिहास उभा राहिला! त्याच मापाने आपला डबा हा दानलेख ठरेल. यवतमाळचा किंवा साताऱ्याचा मामा इतक्या दूर दान पाठवीत होता, तेव्हा तो मोठा सामंत असला पाहिजे, असेही कोणी लिहील. निदान एवढे तरी सिद्ध होईल की, पोलादाच्या या नगरात मराठी वाचणारी माणसे नांदत होती.

बंधुभगिनींनो, दोन हजार वर्षांनंतरच्या माणसाची एवढी काळजी आम्ही का वाहावी, असे आपण विचाराल. खरे सांगावयाचे तर आमची काळजी त्या माणसाची नाहीच. तो संशोधक आजच आपल्या घरांत वावरतो आहे. तो आपला नातू आहे, आपली नात आहे. पुण्याला, बंगलोरला किंवा परदेशी वाढलेले ते मूल सुटीत आजोळी येते, माळ्यावरचा सोऱ्या हातात घेते आणि विचारते, 'ये क्या है?' विळी, सांडशी, उलथने, ताम्हन, पळी, करंडा या वस्तू अजून घरात आहेत. त्यांची नावे मात्र एका पिढीत पातळ होत चालली आहेत. इनामगावच्या देवीचे नाव जावयास तीन हजार वर्षे लागली नसतील. ते नाव घेणारे शेवटचे माणूस गेले, त्या दिवशीच ते गेले. महाराष्ट्रात घरी विसरलेला शब्द शेजारी ऐकू येतो, बाजारात ऐकू येतो. आपल्याकडे मात्र तो घरात विझला की गावातूनच विझला. परमुलखातील घराला ही जोखीम अधिक आहे.

आणि निवृत्तीनंतर क्वार्टर रिकामे करण्याची वेळ प्रत्येकावर येते. तेव्हा काय न्यावयाचे आणि काय मोडीत घालावयाचे, याचा निवाडा दोन दिवसांत होतो. तराजूत पडले की आजीचे घंगाळ किलोच्या भावाने केवळ पितळ होते. ते वाचविणारे लोकही आपल्यात झाले. कवी 'अज्ञातवासी', म्हणजेच पुण्याचे दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, भांडी अशा नित्याच्या वस्तू गावोगाव फिरून जमविल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ संग्रहालय उभे केले. तेवढे आपल्याच्याने होणार नाही. परंतु त्या संग्रहालयातील प्रत्येक वस्तूखाली जी चिठ्ठी असते, ती लिहिणे प्रत्येकाच्या हातचे आहे.

आम्ही केंद्र सरकारच्या नोकरीत आयुष्य घालविले. तेथे मोडक्या खुर्चीचीही नोंद डेडस्टॉक रजिस्टरात असते. ती कधी आली, किती किमतीची, कोणाच्या ताब्यात, सारे लिहिलेले. आजीच्या घंगाळाला एवढाही मान नसावा काय? आमची सूचना अशी की, या सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने एक साधी नोंदवही ठेवावी. प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील एका जुन्या वस्तूसाठी तीत एक पान लिहावे. वस्तूचे नाव आपल्या बोलीत लिहावे. वऱ्हाडात निराळे आणि कोकणात निराळे असेल, तर दोन्ही लिहावीत. ती कोठून आली, कोणी आणली, तिने काय करीत आणि ती शेवटची कोणाच्या हातात होती, इतके पुरे. भाषा सजविण्याची गरज नाही. शक्य तर ते पान नातवंडाकडून लिहवून घ्यावे. आजीने सांगावे, त्याने लिहावे. लिहिता लिहिता शब्द त्याच्या जिभेवर बसेल.

या वहीची आरंभीची दोन पाने आम्ही आजच मंडळाच्या चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहोत. एक आमच्या घरच्या खलबत्त्याचे आहे, दुसरे पुरणयंत्राचे. पुढची पाने आपली.