तेल नंतर, आधी कारण



मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. माझं बहुतेक काम केसांचं आणि डोक्याच्या त्वचेचं. दवाखाना दिल्लीत, पहाडगंजात. नवी दिल्ली स्टेशनवर उतरून बृहन्महाराष्ट्र भवनात मुक्काम केलेल्यांना किंवा ज्यांची मुलं नूतन मराठी शाळेत शिकली त्यांना हा भाग वेगळा सांगायला नको. माझ्याकडे गल्लीतल्या हॉटेलांत काम करणारी पोरं येतात, करोलबागेत सोनं गाळणारी सांगलीकडची मंडळी येतात, मुलीच्या लग्नाची काळजी घेऊन आयाही येतात.

आलेला माणूस डोक्यावरची टोपी काढायच्या आधी एक पिशवी टेबलावर ठेवतो. त्यात दोन-तीन तेलाच्या बाटल्या, एक शाम्पू, गोळ्यांची डबी आणि कुणीतरी दिलेली पुडी असते. "डॉक्टर, हे सगळं करून झालं." मी विचारते, "केस कशाने गळतायत, हे कुणी सांगितलं का?" तेव्हा तो गप्प होतो. म्हणून आज मला एवढंच सांगायचंय : केस गळणं हे लक्षण आहे. कारण सापडल्याशिवाय लावलेलं तेल म्हणजे पत्ता न लिहिता टाकलेलं पत्र.

आधी केसाचं साधं गणित बघू. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग तीनेक महिने विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा केस येतो. त्यामुळे रोज पन्नास ते शंभर केस गळले तर ते नेहमीचंच. पण टायफॉइड, डेंग्यू, मोठं ऑपरेशन, बाळंतपण किंवा अघोरी डाएट झालं की वाढणारे पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. आपल्याकडे जुन्या बायका म्हणतात ना, बाळ आईला ओळखायला लागलं की आईचे केस गळतात? बाळाच्या ओळखण्याचा त्याच्याशी संबंध नाही, पण वेळ त्यांनी बरोबर पकडली होती. तीन महिन्यांचं हे अंतर लक्षात ठेवा. केस आज गळत असतील तर आजचा शाम्पू तपासू नका, तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं ते आठवा. अशी गळती बहुतेक वेळा सहाएक महिन्यांत आपोआप थांबते. त्या काळात जे तेल हाताशी असतं, त्याला फुकटचं श्रेय मिळतं.

आता शेगावला जाऊ. २०२४ संपता संपता बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून बातम्या यायला लागल्या. डोकं खाजायचं, मग केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल. अठरा गावांत मिळून सुमारे २७९ माणसं. वाचून अनेकांना हसू आलं. पण तिथल्या कॉलेजातल्या मुलामुलींनी घराबाहेर पडणं टाळलं आणि ठरलेली लग्नं अडल्याचंही ऐकू आलं.

मला ती बातमी वाचल्यावर एक गोष्ट खटकली. तीन महिन्यांचं गणित इथे बसत नव्हतं. वाढीत असलेला केस काही दिवसांत तुटून येतो तो कॅन्सरच्या औषधाने किंवा विषाने. पहिला संशय शाम्पूवर गेला, मग बुरशीवर. शेगाव खारपाणपट्ट्यातलं, त्यामुळे पाण्यावरही गेला. पाण्यात नायट्रेट जास्त निघालंसुद्धा. पण त्या पट्ट्यातलं पाणी वर्षानुवर्षं खारटच आहे, मग केस याच वर्षी का गेले? चुकीच्या कारणाशी थांबायचं नसेल तर हा प्रश्न विचारावाच लागतो.

आयसीएमआरची पथकं गेली. आणि स्वतःहून गेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. विंचूदंशावर आयुष्य घातलेला हा माणूस. त्यांनी रक्त, लघवी, केस तपासले आणि घरातले गहूही तपासले. २०२५च्या फेब्रुवारीत त्यांनी निष्कर्ष मांडला : रेशनच्या गव्हात सेलेनियम अतोनात होतं. किलोमागे १४ मिलिग्रॅमच्या वर. रक्तातलं सेलेनियम ३५ पट, केसांतलं १५० पट वाढलेलं आणि जस्त घटलेलं. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला होता. शिवालिकच्या पायथ्याशी पंजाबातल्या काही जमिनींत सेलेनियम फार असतं, हे शेतीशास्त्राला आधीपासून माहीत आहे.

थोडा हिशोब करून बघा. मोठ्या माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरतं आणि ४०० ही वरची मर्यादा मानतात. असल्या गव्हाची ३०० ग्रॅम कणीक पोटात गेली तर ४,००० मायक्रोग्रॅमच्या वर जातात. म्हणजे मर्यादेच्या दहा पट, तेही रोज. डोक्याला काहीही चोळलं असतं तरी काय उपयोग होता? कारण डब्यातल्या पिठात होतं. आणि ज्याच्या घरी दुसरं धान्य विकत घ्यायची ऐपत नव्हती, त्याच्या ताटात ते रोज येत होतं.

ही गोष्ट मी दिल्लीत सगळ्यांना सांगते, कारण तेच सेलेनियम "केसांसाठी खास" म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गोळ्यांत असतं. थोडं असलं तर बिघडत नाही. पण २००८ साली अमेरिकेत एका पातळ पूरक औषधात ते लिहिल्यापेक्षा सुमारे २०० पट पडलं आणि २०१ लोक आजारी झाले. त्यांतल्या बहुतेकांचे केस गेले. दुसरी लाडकी गोळी बायोटिनची. तिची खरी कमतरता फार थोड्यांना असते. शिवाय जास्त बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्या चुकीच्या येऊ शकतात. गोळी घेत असाल तर रक्त देताना सांगा.

आता माझी एक चूक सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांतली. पंचेचाळिशीच्या एक बाई आल्या. केस विरळ झालेत, डोकं जळजळतं, म्हणाल्या. बाहेर गर्दी होती. हिमोग्लोबिन कमी दिसलं, मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि "तेल लावत जा, बरं वाटेल" म्हटलं. भांग पाडून डोक्याची त्वचा बघितली नाही. दीड वर्षाने त्या परत आल्या तेव्हा मध्यावर हाताच्या तळव्याएवढी त्वचा गुळगुळीत, चकचकीत झाली होती. केसांची छिद्रंच उरली नव्हती. तो लायकेन प्लॅनोपायलॅरिस होता. आपलीच प्रतिकारशक्ती केसाच्या मुळाला सूज आणते आणि सूज उतरल्यावर तिथे व्रण राहतो. व्रणावर केस उगवत नाही. औषधाने पुढचं वाचवता येतं, गेलेलं परत येत नाही. त्या मला काही बोलल्या नाहीत. पदर डोक्यावर ओढून उठल्या. जळजळ हा शब्द त्यांनी पहिल्याच दिवशी उच्चारला होता, तो मी ऐकून सोडून दिला. तेव्हापासून भांग पाडून पाहिल्याशिवाय मी लेखणी उचलत नाही.

चाई वेगळी. रुपयाएवढा गोल, गुळगुळीत चट्टा. तिथे व्रण नसतो, मूळ जिवंत असतं. कीड लागली म्हणून लसूण घासू नका, कातडी भाजते. लहान मुलाच्या डोक्यावर खवले, तुटके केस आणि खाज असेल तर तो बहुधा नायटा. त्याला पोटातून औषध लागतं, नुसतं मलम पुरत नाही. केस घट्ट ओढून बांधल्याने कपाळावरची रेषा मागे सरकते. वेणी, अंबाडा, पगडीखालचा जुडा, सगळ्यांना हे लागू आहे. बांधायचं सोडू नका, फक्त सैल बांधा.

आणि पुरुषांचं नेहमीचं टक्कल? ते आनुवंशिक असतं आणि ते फक्त वडिलांकडूनच येतं असं नाही. त्यावर मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड ही परिणाम सिद्ध झालेली औषधं आहेत. पण फायदा दिसायला सहा महिने लागतात आणि औषध थांबवलं की फायदा जातो. ही औषधं डॉक्टरला विचारूनच घ्या, दुष्परिणाम समजून घ्या. केशरोपण करायचं तर हात कुणाचा आहे ते विचारा. सप्टेंबर २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने स्पष्ट केलं की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून शिकणं हे पुरेसं प्रशिक्षण नाही. मी हे यूट्यूबवरच बोलतेय, म्हणून आधी मलाच लागू करते : हे भाषण ऐकून स्वतःचं निदान करू नका.

मग घरी काय करायचं? उजेडात बसा, कुणाला तरी भांग पाडायला सांगा आणि महिन्यातून एकदा त्याच जागेचा फोटो काढा. जळजळ, दुखणं, पू, खवले किंवा चकचकीत जागा दिसली तर थांबू नका, त्याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. पैसे नसतील तर सरकारी रुग्णालयाची ओपीडी आहे. आमच्या इथून लेडी हार्डिंग फार लांब नाही आणि तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणीही त्वचा विभाग असतो. एकाच घरातल्या, एकाच गल्लीतल्या चारजणांचे केस एकदम गळायला लागले तर लाजून टोप्या घालून बसू नका. आरोग्य केंद्राला कळवा आणि घरातलं धान्य जपून ठेवा. शेगावात ते तपासलं गेलं म्हणून उत्तराची दिशा सापडली.

आणि शेवटी, ज्याचे केस गेलेत त्याला हसू नका. टोपी काढायला माणसाला किती धीर लागतो, ते मी रोज टेबलाच्या या बाजूने बघते.