आपल्या घरचा कचरा कुठं जातो?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला, 'आपलं शहर सुधारण्यासाठी आपण रोज काय करू शकतो.' आपल्यातले बरेच जण नागपूर, पुणे, मुंबईला पांगलेत, म्हणून 'शहर' म्हटलं असावं. मी मात्र एकाच गोष्टीवर बोलणार आहे, घरच्या कचऱ्यावर. झाडं लावा, पाणी वाचवा, हे आपण इतक्यांदा ऐकलंय की ते आता कानावरून निघून जातं.

आपल्या लहानपणी अल्लीपुरात कचऱ्याची गाडी नव्हती आणि तिचं फारसं कामही नव्हतं. शिळं अन्न ढोरांना, शेण अन् केर उकिरड्यावर, चुलीतली राख भांडी घासायला, पऱ्हाटी जळणाला, फाटकं लुगडं वाकळीला. उन्हाळ्यात उकिरडा उपसला की खताच्या बंड्या शेताकडे निघायच्या. मला त्या दिवसांचे गोडवे गायचे नाहीत. त्यात गरिबी होती, आणि सकाळी टमरेल घेऊन निघणाऱ्यांमुळे गावाच्या कडेला नाक धरावं लागायचं.

त्या घाणीला हात घालणारी माणसं आपल्याच जिल्ह्यात होती, हे आपण नागरिकशास्त्राच्या तासाला ऐकून विसरलो. गांधीजी 1934 नंतर वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते, तेव्हा शेजारच्या सिंदीत सफाईचं काम चालायचं. 1946 मध्ये विनोबा पवनारहून रोज चालत सुरगावला जायचे आणि तिथला मैला उचलायचे. खांद्यावर फावडं. मैल्यावर माती टाकली की रोगराई टळते आणि सोनखत तयार होतं, एवढं साधं शास्त्र त्यामागं होतं. मला त्यातली एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आपली घाण दुसऱ्या कुणाच्या तरी जातीनं उचलायची, हा जो आपला जुना हिशेब, त्यावरच ते फावडं पडत होतं.

तो हिशेब शहरात मिटला असेल असं वाटत असेल, तर पुण्याला या. मी तिथं बरीच वर्षं राहतो. कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, 1993 साली उभी राहिली. तिच्यातूनच पुढं 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली आणि 2008 मध्ये तिनं महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करायचं काम घेतलं. आमच्याकडे येणाऱ्या ताई त्यांच्यातल्याच. ओलं-सुकं एकत्र दिलं की त्यांना ते हातानं निवडावं लागतं. त्यात फुटलेली काच असते, दाढीचं पातं असतं, कागदात न गुंडाळलेले पॅड आणि डायपर असतात. 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक असे तीन भाग घरातच करायला सांगितलं होतं. आपण ते न करता बादली दाराबाहेर ठेवतो, तेव्हा ते काम बंद पडत नाही, त्या ताईंच्या हातावर येतं.

त्यांच्या हातून सुटलेला कचरा वर्षानुवर्षं फुरसुंगी आणि उरुळी देवाचीला जात राहिला. ती आपल्यासारखीच शेतकऱ्यांची गावं. विहिरींचं पाणी नासलं, वास शेतांपर्यंत पोचला, शेवटी लोकांनी गाड्या अडवल्या. पुण्यात कचरा तुंबला की पेपरात बातमी येते. गाववाल्यांना तो वास रोजचा होता.

शहराच्या कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो. तो ढिगाखाली दबून, हवा न मिळता कुजतो, तेव्हा मिथेन निघतो. हा वायू उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जोरकस आहे. डेपोतल्या आगीही त्यामुळंच धुमसत राहतात. तोच ओला कचरा हवा लागेल असा ठेवला की खत होतं. आम्ही गॅलरीत भोकं पाडलेला ड्रम ठेवलाय. खाली वाळला पाला, वर भाजीची देठं-सालं, पुन्हा पाला, अधूनमधून आंबट ताक, आठवड्यातून दोनदा हलवणं. वास आला तर समजायचं पाणी जास्त झालं, आणखी पाला घालायचा. दीड-दोन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत तयार. आपल्या इकडच्या मे महिन्यात मात्र ड्रम सावलीत ठेवावा लागेल आणि पाणी शिंपडावं लागेल, नाहीतर पापड होईल त्याचा!

आता गावाविषयी. काल मी गावात फिरलो. उकिरडे आहेत, पण त्यात कुरकुऱ्यांची आणि खर्र्याची पाकिटं आहेत. चकाकणाऱ्या पाकिटात प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटत नाहीत, म्हणून कबाडीही ती घेत नाही. ती शेणखताबरोबर बंडीत चढतात आणि वावरात पोचतात. पन्नी गाईच्या पोटात जाते. जाळली तर विषारी धूर पोरांच्या नाकात जातो. जे गाव स्वतःचा कचरा स्वतः जिरवत होतं, त्याला ते आता जमेनासं झालंय, आणि इथली ही पाकिटं पुणेवाल्यांनी टाकलेली नाहीत.

म्हणून आजच्या जेवणापुरतं संयोजकांशी भांडून मी एवढं करून घेतलंय. पत्रावळी पळसाच्या आहेत. ग्लास स्टीलचे, बिछायत केंद्रातून आणलेले. पाण्याच्या बाटल्यांची पेटी आणलेली नाही, माठ भरून ठेवलेत. हात धुवायच्या जागेजवळ दोन ड्रम दिसतील. डाव्या ड्रमात फक्त उष्टं आणि पत्रावळी टाका, ते उद्या शाळेच्या मागच्या खड्ड्यात जाईल. खड्डा काल आपल्याच वर्गातल्या चौघांनी खणला, दोघांची कंबर धरलीय. सुपारीची पुडी मात्र त्यात टाकू नका. ती उजव्या ड्रमात, आणि जमलंच तर खिशात ठेवून घरी न्या.